लाकडाच्या गळाचं टोक का तुटतं, आणि अजून कडक लाकूड घेऊन ते का थांबणार नाही

तुमच्या एका प्रश्नात खरंतर तीन प्रश्न आहेत. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआहून आणलेला हिरव्या दगडाचा हेई माताउ, म्हणजे तो मासे धरायच्या गळाच्या आकाराचा पेंडंट, कागदावर ट्रेस करून तुम्ही पुण्यात आफ्रिकन ब्लॅकवुडमध्ये कोरताय आणि काम संपत आलं की टोक तुटतंय, म्हणून विचारताय की याहून कडक लाकूड कुठलं. दुसरं, जवसाचं तेल लावलंय ते आठवडे झाले तरी चिकट आहे. आणि जाता जाता, इन्स्टावर विकले तर चालतील का. मी न्यूझीलंडमध्येच हॅमिल्टनला राहतो, पोटापाण्यासाठी किचन कॅबिनेट करतो आणि फावल्या वेळात बरीच वर्षं असले छोटे पेंडंट हाताने कोरतोय, त्यामुळे जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगतो. शिकवणारे भेटले ते माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, होते, मी माओरी नाही, हे शेवटच्या प्रश्नासाठी आधीच सांगून ठेवतो.

लाकूड तुमचं उत्तम आहे. ब्लॅकवुड म्हणजे शिसवीच्याच कुळातलं, घनता घनमीटरला साधारण १,२०० किलोच्या वर म्हणजे पाण्यात टाकलं तर बुडतं, आपलं सागवान त्याच्या जवळपास निम्मं. याहून कडक शोधायला गेलात तर लिग्नम व्हायटी वगैरे आहे, पण त्यातही टोक तुटेलच. कारण कडक असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला हवाय चिवटपणा. अस्सल आबनूस बघा, नखाने ओरखडा उठत नाही इतकं कडक, पण बारीक काडी करून वाकवा, काही न सांगता टचकन तुटते.

मूळ घोळ असा आहे की तुम्ही जो आकार ट्रेस केलाय तो दगडाचा आकार आहे. तो हिरवा दगड, माओरीत पौनामू, म्हणजे नेफ्राइट, त्यात सूक्ष्म तंतूंसारखे स्फटिक सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्याला अशी एक दिशा नाही जिथून तो सहज फुटेल, म्हणून त्यात इतकं नाजूक टोक आणि आत वळलेला काटा टिकतो. धातू नव्हता तेव्हा माओरी लोक वालुकाश्म, वाळू आणि पाणी घेऊन तो दगड महिनोन् महिने घासत बसायचे, त्या घासण्यातूनच ते मऊ गोल आकार आलेत. लाकडाला मात्र दिशा असते, ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, रेषेत ते दोरीसारखं ओढ सहन करतं आणि आडव्या बाजूने त्याचा काही भरवसा नाही. तोच आकार जसाच्या तसा लाकडात उतरवला की कुठेतरी एक जागा अशी येणारच जिथे रेषा आडव्या आणि छोट्या आहेत, आणि तुटतं तिथेच.

गळ म्हणजे इंग्रजी जे अक्षर डोळ्यासमोर आणा. एक लांब उभा दांडा, खाली वळण, दुसऱ्या बाजूने वर येणारं टोक. ग्रेन उभा ठेवलात तर दांडा आणि टोक दोन्ही मजबूत, पण खालच्या वळणाच्या मध्यावर रेषा वळणाला आडव्या जातात. ग्रेन आडवा ठेवलात तर वळण मजबूत पण टोक आणि दांडा दोन्ही कच्चे. तुमचं टोक तुटतंय, वळण नाही, यावरून माझा अंदाज की तुम्ही पट्टीवर आकार आडवा मारलाय, वाया कमी जावं म्हणून सगळे तसंच करतात. फोटोत रेषा दिसत नाहीयेत, ब्लॅकवुड इतकं काळं की कळतच नाही, तेव्हा हे तुम्ही तपासा. पॉलिश पेपरने एक बाजू साफ करा, ओल्या बोटाने पुसा आणि उन्हात तिरकं धरा, बारीक बारीक छिद्रांच्या रेघा दिसतील, त्या ज्या दिशेला तीच ग्रेनची दिशा. तरी शंका असेल तर कडेला चाकू लावून एक काडी सोला, ती जिकडे पळते ते उत्तर. काडी मध्येच वळली किंवा आत घुसली तर त्या तुकड्यात ग्रेन गुंतलेला आहे, गळासाठी मी तो बाजूला ठेवतो, त्याचं पान किंवा टोकीसारखा साधा आकार करतो. टोकी म्हणजे वाकसाच्या पात्याचा आकार, सरळसोट असतो.

त्याच काडीची अजून एक परीक्षा करतो मी नवीन लाकूड आलं की. आगकाडीएवढी जाड करायची, सावकाश वाकवायची. तुटताना लांब लांब धसकटं निघाली तर लाकूड चिवट, एकदम सपाट तुटली तर ठिसूळ. एकाच जातीच्या दोन तुकड्यांत सुद्धा फरक पडतो, म्हणून नावावर जाऊ नका.

आता उपाय. मी ग्रेन उभाच ठेवतो आणि वळण जाड करतो. पाच-साडेपाच सेंटिमीटर उंचीच्या पेंडंटला खालचं वळण निदान १४ मिलिमीटर रुंद, जाडी ८ ते १०. टोक मुळाशी ६-७ मिलिमीटर आणि बुटकं, दांड्याच्या अर्ध्या उंचीच्याही खालीच थांबवायचं. हे ऐकून वाटेल की बोजड दिसेल, पण चांगले हेई माताउ नीट बघा, त्यांचं पोट भरलेलंच असतं, पर्यटकांच्या दुकानात जे अगदी सडपातळ मिळतात ते बघून आपला समज तसा झालेला असतो. आणि तो आतला काटा, तो लाकडात आडवा बाहेर काढू नका, कारण टोकाचा ग्रेन उभा असला तरी काट्याचा ग्रेन मग आडवा पडतो आणि गळ्यात घातल्यावर स्वेटरमध्ये अडकून पहिला तोच जातो. त्याऐवजी टोकाच्या आतल्या बाजूला एक खाच घ्या, सावली पडते आणि काटा असल्याचा भास होतो, तेवढं पुरतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो आणि तो माझ्या डोक्यातला नाही. वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ नावाच्या किंवा ऑकलंडच्या म्युझियममध्ये जुने खरेखुरे मासेमारीचे गळ ठेवलेत, त्यातल्या बऱ्याच गळांत दांडा आणि वळण लाकडाचं आणि टोक वेगळं, हाडाचं, ते हराकेके नावाच्या तिथल्या रोपाच्या धाग्याने घट्ट बांधलेलं. म्हणजे ज्यांना त्याच गळाने रात्रीचं जेवण मिळवायचं होतं त्यांनी लाकडावर टोकाची जबाबदारी टाकलीच नाही. तुम्ही पण दांडा ब्लॅकवुडचा करा, टोक हाडाचं, आणि सांधा तिरका कापून मेणाच्या दोऱ्याने बांधा, काळ्यावर पांढरं टोक फार सुरेख दिसतं. इकडे गाईचं हाड सर्रास वापरतात, ते घरात चालणार नसेल तर जाड बघून नारळाची करवंटी घ्या. ती चिवट असते, पॉलिश झकास घेते, आणि तिचा नैसर्गिक बाक टोकाला आयता मिळतो. पॅसिफिकमधल्या बेटांवर करवंटीचे गळ होतेच, न्यूझीलंडमध्ये नारळ होत नाही म्हणून माओरींच्यात दिसत नाहीत एवढंच. फक्त करवंटीची धूळ फार वाईट, मास्कशिवाय घासू नका.

तीन पातळ थर ग्रेन फिरवून चिकटवायचे हा तिसरा मार्ग, प्लायवुडचंच तत्त्व. मजबूत होतो, पण कडेने थर दिसतात आणि मला ते बघवत नाही. करायचाच असेल तर ब्लॅकवुड, शिसवी ही तेलकट लाकडं आहेत, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच इपॉक्सी लावा.

लाकूड कुठलं, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. तुम्ही पुण्यात आहात तर बाहेरून महागड्या पट्ट्या मागवायची काय गरज, मला कळलं नाही. जुनी शिसवी घ्या ना. जुन्या खुर्चीचा पाय, मोडक्या पलंगाचा दांडा, जुन्या बाजारात फिरलात तर मिळून जाईल, आणि त्यात मोठा फायदा हा की ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं. इकडे शिसवी एक्झॉटिक म्हणून चिमूटभर तुकड्याला भाव लावतात आणि आम्ही घेतो सुद्धा. कापायच्या आधी चुंबक फिरवा, आत खिळा निघाला तर करवतीचं पातं गेलं. खैर पण छान, मुसळ ज्याचं करतात ते लाकूड मार खायलाच बनलेलं असतं. तेंदूचा काळा गाभा मिळाला तर तो आपला देशी आबनूसच, पण त्यात बारीक चिरा लपलेल्या असतात, ओला करून बघून घ्या. चिंचेचा गाभा मी वापरलेला नाही, लोक चांगला म्हणतात. सागवान मात्र नको, त्यात सिलिका असते, हत्याराची धार खाते आणि एवढ्या छोट्या कामात कड शार्प राहत नाही.

नवीन पट्टीच घेतलीत तर ती मेणात बुडवलेली असते, आत ओलावा असतो आणि विकणारा हे सांगतोच असं नाही. मेण खरवडून काढा, किचनच्या वजनकाट्यावर वजन करून पट्टीवरच पेन्सिलने लिहा, दर आठवड्याला परत करा, आकडा हलायचा थांबला की मगच हात लावा. पावसाळ्यात पुण्यात हे कंटाळवाणं होतं, मान्य, पण उन्हात ठेवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालून घाई केलीत तर चिरणार.

आता कामाचा क्रम, कारण टोक तुटण्यात अर्धा हात याचा पण असतो. बहुतेक जण आधी बाहेरचा आकार कापतात, छान दिसतो म्हणून, आणि मग आतली फट कोरायला घेतात तेव्हा धरायला काही उरलेलं नसतं, सगळा जोर त्या टोकावर. उलटं करा. चौकोनी ठोकळा आहे तोवरच आतल्या फटीत दोन-तीन भोकं पाडा, सोनार वापरतात ती बारीक पात्याची करवत त्यातून ओवा आणि आतला भाग काढून टाका. बाहेरचा आकार नंतर. आणि टोक आणि दांडा यांच्यामध्ये वरच्या बाजूला जो उघडा भाग येणार आहे तिथे लाकडाचा एक छोटा पूल तसाच राहू द्या, म्हणजे गळ काही वेळ बंद कडीसारखा दिसेल. कानशीचं सगळं काम, गोलाई, उतार, सगळं त्या पुलासकट करायचं, पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी शेवटी पूल कापायचा. माझ्या अनुभवात याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच हत्याराने पडला नाही.

कापताना टेबलाच्या कडेला एक फळी पुढे काढून क्लॅम्प करा, तिला व्हीसारखी खाच पाडा, काम त्यावर आडवं टेकवून करवत उभी चालवा, पात्याचे दात खाली. हातात धरून कापू नका, बोट जातंच आणि पाती पण तुटतात. पात्याला मेणबत्ती घासली की ते सरकतं चांगलं.

ड्रेमेलबद्दल, म्हणजे त्या हातात धरायच्या छोट्या फिरत्या इलेक्ट्रिक हत्याराबद्दल, पण विचारलंय. वापरा, पण असल्या घट्ट लाकडात ते फार तापतं, जळका वास आला म्हणजे वरचा थर तापून बारीक चिरा पडायला सुरुवात झाली असं समजा, त्या चिरा तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश केल्यावर दिसतात. मी खडबडीत काम अर्धगोल कानशीने करतो, मग बारीक सुयांसारख्या कानशी, मग स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पातळ पोलादी पट्टी. कानशीत राळ भरते, त्याआधीच तिच्यावर खडू घासून ठेवा, नंतर पितळी ब्रशने झटकन साफ होते. स्क्रेपर नसेल तर मोडक्या करवतीच्या पात्याचा तुकडा सरळ घासून धारेला घ्या. पॉलिश पेपर फार लवकर हातात घेतला की सगळ्या कडा विरघळतात आणि पेंडंट वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. कुठली कड धारदार राहणार आणि कुठे उतार मऊ होणार हे कानशीनेच ठरलं पाहिजे, पेपरचं काम फक्त ओरखडे काढणं. मग २४०, ४००, ६००, ८००, १२००, मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं म्हणजे उभे राहिलेले तंतू पुढच्या पेपरने निघतात.

मास्क लावा, आणि हे मी सवयीने लिहीत नाहीये. शिसवीच्या कुळातली लाकडं, कोकोबोलो तर विशेष, काहींना अंगावर पुरळ आणतात आणि ही ॲलर्जी हळूहळू तयार होते, वर्षभर काही नाही आणि मग अचानक एक दिवस डोळे सुजतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकली आहे. एन-९५ घ्या, काम गॅलरीत करा, आणि कोकोबोलोचा पेंडंट कुणाला देताना आधी दोन दिवस मनगटावर बांधून बघायला सांगा.

चिकट फिनिशचं उत्तर सोपं आहे. शिसवी-ब्लॅकवुडमधली नैसर्गिक द्रव्यं जवसाच्या तेलाला वाळूच देत नाहीत, ते हवेत घट्ट व्हायला पाहिजे ते होतच नाही. थांबून उपयोग नाही. टर्पेंटाइनने पुसून काढा, ८०० पासून परत घासा. मग दोन पर्याय: एक, काहीच लावू नका, १२०० पर्यंत नेलेलं ब्लॅकवुड नुसत्या मेणाने आरशासारखं होतं. मधमाश्यांचं मेण एकटं जरा मऊ पडतं, त्यात थोडं कारनौबा मेण मिसळा, जुन्या सुती बनियनने घासा. दोन, चपडी, म्हणजे शेलॅक, स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून दोन हात, आपल्याकडच्या फर्निचर पॉलिशवाल्यांची तीच पद्धत, आणि वर मेण. चपडीचा एकच तोटा, सेंट आणि सॅनिटायझर लागलं की त्यातल्या अल्कोहोलने ती विरघळते. पेंडंट गळ्यात सेंट मारतात तिथेच लटकतो, म्हणून मी स्वतः नुसतं मेण वापरतो आणि घेणाऱ्याला सांगतो की वर्षातून एकदा परत घासा.

दोरीचं भोक मी पाडतच नाही. उभ्या ग्रेनच्या दांड्याला वरच्या टोकाशी भोक पाडलं की दोरीचा ताण नेमका चिरायच्या दिशेने येतो. जुन्या गळांना दांड्याच्या डोक्याशी खाच आणि गाठीसारखा उंचवटा असतो, दोरा बांधायला, तेच करा, भोवती खाच घ्या आणि मेणाचा दोरा घट्ट गुंडाळा. भोकच हवं असेल तर ३ मिलिमीटरचं, आणि चारही बाजूंना ४ मिलिमीटर लाकूड शिल्लक.

आता विकण्याचं. इथे दहा लोक दहा मतं देतील, माझं मत सांगतो. न्यूझीलंडमध्ये हा विषय लोक किती गंभीरपणे घेतात हे समजायला एवढं बघा की १९९७ च्या कायद्याने दक्षिण बेटावरच्या पौनामूची मालकी ङाई ताहू या जमातीला परत देण्यात आली, आणि माओरी कला-ज्ञानावर हक्क कुणाचा यावरचा वाई २६२ हा दावा १९९१ साली दाखल झाला, असे माओरी दावे ऐकणाऱ्या वैतांगी ट्रायब्युनलचा अहवाल यायला २०११ उजाडलं. लाकडाचा गळ कोरायला तुम्हाला कुणी अडवणार नाही, घरच्यांसाठी तर खुशाल करा. पण विकताना "माओरी पेंडंट" किंवा "अस्सल माओरी" लिहू नका, ते खोटं आहे, इकडे तसं लिहून विकलं तर ग्राहकांची दिशाभूल म्हणून कायद्याने गुन्हा पण ठरू शकतो. "पुण्यात हाताने कोरलेला शिसवीचा गळ, माओरी हेई माताउवरून प्रेरित" असं स्वच्छ लिहा. आणि इंटरनेटवरून उचललेले अर्थ, हा आकार घातला की प्रवास सुखाचा होतो, तो घातला की अमुक, हे आपल्या तोंडून सांगू नका.

मी काही आकार विक्रीला करतच नाही. हेई टिकी तर नाहीच, तो माणसाचा आकार आहे, त्यात पूर्वजांचा संबंध येतो, घराण्यात पिढ्यान् पिढ्या जपलेले असतात आणि कुठल्या टिकीला नाव सुद्धा असतं. मनाइया, म्हणजे पक्ष्यासारख्या डोक्याची ती आकृती, पण नाही. गळ, पान, साधी टोकी एवढ्यावर थांबतो, आणि कोरू, म्हणजे नेच्याच्या उलगडणाऱ्या कोंबाची ती गुंडाळी, माझ्या पद्धतीने करतो. कुणी म्हणेल गळ चालतो आणि टिकी नाही ही रेषा तुम्ही कुठून आणली, तर मला शिकवणाऱ्यांना विचारून आणली, दुसरे शिक्षक ती दुसरीकडे ओढतील. खरं माओरी काम हवं असणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ रोटोरुआला ‘ते पुइया’ या केंद्राकडे पाठवतो, तिथे कोरीवकामाची शाळा आहे, १९६३ च्या कायद्याने उभी राहिलेली.

परदेशात पाठवणार असाल तर ब्लॅकवुड आणि शिसवी दोन्ही २०१७ पासून साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट आहे, पण कच्च्या ठोकळ्यांना नाही, आणि भारतातून निर्यातीचे कागद वेगळे लागतात, ते पाठवायच्या आधी विचारून घ्या. रक्तचंदनाच्या वाटेला तर जाऊच नका. आणि कुणी नातेवाईक इकडे येताना बॅगेत नेणार असेल तर विमानतळावर लाकूड आहे असं फॉर्मवर लिहायला सांगा, तयार पॉलिश केलेली वस्तू बघून बहुधा सोडतात, लपवली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड.

पुढचा गळ कराल तेव्हा फोटो समोरून एक आणि कडेने एक टाका, जाडी आणि ग्रेन कडेनेच कळतो, मग टोक कुठे बारीक करायचं ते नेमकं सांगता येईल.